विंडोज ३.१ मधील डॉस-प्रोग्राम: स्क्रीनचे मोड, ओळी आणि फॉन्ट

आपल्या प्रश्नाचा आशय असा आहे. एका पतसंस्थेच्या जुन्या सभासद-नोंदी क्लिपर या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेल्या एका डॉस-प्रोग्रामात असून तो प्रोग्राम ४८६ संगणकावर विंडोज ३.१ मधून चालवला जातो. विंडोजची स्क्रीन ६४० बाय ४८० वरून ८०० बाय ६०० केल्यावर मेनूंची अक्षरे बारीक झाली. प्रोग्राम विंडोत घेतला की त्यातला मजकूर वाचवत नाही. ५० ओळींचा मोड कधी लागतो, कधी लागत नाही. दुसऱ्या प्रोग्रामवर जाऊन परत आले की स्क्रीन विस्कटलेली असते. आणि सभासदांच्या नावांच्या जागी उभ्या-आडव्या रेघा दिसतात. विंडोजऐवजी डेस्कव्ह्यू (अनेक डॉस-प्रोग्राम एकाच वेळी चालवणारे सॉफ्टवेअर) वापरले तर हे सारे सुटेल का, असेही आपण विचारले आहे.

या तक्रारी एकाच जागच्या वाटत असल्या तरी तशा त्या नाहीत. अशा संगणकावर दिसणारी अक्षरे तीन निरनिराळ्या ठिकाणांहून येतात. डॉस-प्रोग्राम पूर्ण स्क्रीनवर चालतो तेव्हा अक्षरे डिस्प्ले कार्ड स्वतः काढते आणि विंडोजच्या फॉन्टशी त्यांचा काडीचाही संबंध नसतो. विंडोजचे मेनू, शीर्षकपट्ट्या आणि डायलॉग यांची अक्षरे डिस्प्ले ड्रायव्हरसोबत बसवलेल्या सिस्टिम-फॉन्टची असतात. तोच डॉस-प्रोग्राम विंडोत चालू असेल, तर विंडोज त्याच्या स्क्रीन-मेमरीतील मजकूर वाचून तो आपल्याकडच्या तिसऱ्याच एका फॉन्टमध्ये रंगवते. यांपैकी एका ठिकाणी केलेला बदल दुसऱ्या ठिकाणी उमटत नाही, आणि ज्याला 'सेटिंग लागत नाही' म्हणतात त्यातल्या बहुतेक प्रकरणांत सेटिंग लागलेले असते, पण ते दुसऱ्याच थराला लागलेले असते. म्हणून काहीही बदलण्यापूर्वी आल्ट आणि एंटर एकत्र दाबून पाहावे. प्रोग्राम विंडोतून पूर्ण स्क्रीनवर गेला आणि तक्रार नाहीशी झाली, तर दोष विंडोच्या फॉन्टमध्ये आहे. तक्रार तशीच राहिली, तर तो कार्डाच्या मोडमध्ये किंवा प्रोग्राममध्येच आहे. आल्ट-एंटरने काहीच घडत नसेल, तर प्रोग्राम मॅनेजरच्या हेल्प मेनूतील अबाउटमध्ये '३८६ एनहान्स्ड मोड' लिहिलेले आहे ना, ते पाहावे. स्टँडर्ड मोडमध्ये डॉस-प्रोग्राम विंडोत चालतच नाहीत, त्यामुळे विंडोतील मजकुराची पुढची चर्चा तेथे लागू होत नाही.

पूर्ण स्क्रीनपासून सुरुवात करू, कारण बाकीचे सर्व त्यावर उभे आहे. व्हीजीए या प्रकारच्या डिस्प्ले कार्डाच्या नेहमीच्या टेक्स्ट-मोडमध्ये ८० रकाने आणि २५ ओळी असतात. प्रत्येक अक्षराचे घर ९ ठिपके रुंद व १६ ठिपके उंच असते, म्हणजे संपूर्ण स्क्रीन ७२० बाय ४०० ठिपक्यांची होते. अक्षरांची चित्रे कार्डाच्या रॉममध्ये कायमची असतात. मोड सुरू होताना ती कार्डाच्या मेमरीतील दुसऱ्या क्रमांकाच्या प्लेनमध्ये, म्हणजे मेमरीच्या एका स्वतंत्र भागात, उतरवली जातात आणि तेथून कार्ड ती वाचत राहते. ओळी वाढवण्याचा मार्ग यातूनच निघतो. उंची ४०० ठिपकेच राहते. १६ ठिपक्यांच्या फॉन्टऐवजी ८ ठिपक्यांचा फॉन्ट प्लेनमध्ये उतरवला की ५० ओळी मावतात आणि १४ ठिपक्यांचा उतरवला की २८ मावतात. ईजीए या जुन्या प्रकारच्या कार्डात उंची ३५० ठिपके असल्यामुळे तेथे ८ ठिपक्यांच्या फॉन्टने ४३ ओळी होतात. थोडक्यात, ५० ओळींचा मोड हा खरे तर फॉन्ट बदलण्याचाच एक प्रकार आहे आणि त्यात अक्षर निम्म्या उंचीचे होणार, हे गृहीत धरूनच तो मागावा. पन्नाशी ओलांडलेल्या लेखनिकाला दिवसभर बसायचे असेल तर मी २८ ओळींच्या पुढे जाण्याचा सल्ला देत नाही. अनेकांना हा मधला मोड असतो हेच ठाऊक नसते, कारण डॉसच्या मोड या आज्ञेत त्याची सोय नाही. त्यासाठी वेगळी छोटी युटिलिटी लागते.

५० ओळी मागण्याच्या जागा तीन आहेत आणि आपल्याकडे होणारा 'कधी लागतो, कधी नाही' हा घोळ त्यांच्यातल्या चढाओढीचा आहे. पहिली जागा डॉसची: मोड कॉन लाइन्स=५० ही आज्ञा. ती चालण्यासाठी कॉन्फिग.सिस मध्ये अॅन्सी.सिस हा ड्रायव्हर चढवलेला असावा लागतो. तो नसेल तर आज्ञा तक्रार करते आणि ओळी २५ च राहतात. दुसरी जागा विंडोजची: सिस्टिम.आयएनआय फाइलमध्ये 'नॉनविंडोजअॅप' नावाचा विभाग असतो, त्यात स्क्रीनलाइन्स=५० असे लिहिले की नव्याने उघडणारा प्रत्येक डॉस-प्रोग्राम ५० ओळींत सुरू होतो. तिसरी जागा खुद्द प्रोग्रामची, आणि शेवटचा शब्द तिचाच असतो. प्रोग्राम सुरू होताना त्याने स्वतः मोड बदलला, तर आधीच्या दोन्ही सेटिंगवर पाणी पडते. क्लिपरमध्ये यासाठी सेटमोड हे फंक्शन आहे आणि डॉसच्या फॉक्सप्रोमध्ये सेट डिस्प्ले टू व्हीजीए५० ही आज्ञा आहे. आपला प्रोग्राम क्लिपरचा असल्यामुळे आणखी एक गोष्ट आधी तपासावी. त्यातील फॉर्म ओळ-रकान्याचे आकडे थेट लिहून बसवलेले असतील, तर स्क्रीन ५० ओळींची करूनही फॉर्म वरच्या २५ ओळींतच दिसेल आणि खालची अर्धी स्क्रीन रिकामी राहील. नोंदी एकाखाली एक दाखवणारी यादी मात्र स्क्रीनची उंची विचारून काढली असेल, तर ती लांब होईल. म्हणजे ५० ओळींचा लाभ फक्त यादीला होणार असेल, तर तेवढ्यासाठी साऱ्या प्रोग्रामची अक्षरे बारीक करण्यात अर्थ नाही. तरीही ते हवेच असेल, तर स्क्रीनलाइन्सला हात न लावता एक छोटी बॅच फाइल करावी, तिच्यात पहिल्या ओळीला मोडची आज्ञा, दुसऱ्या ओळीला प्रोग्रामचे नाव द्यावे आणि पीआयएफ फाइलमध्ये (डॉस-प्रोग्राम कसा चालवायचा हे विंडोजला सांगणाऱ्या फाइलमध्ये) प्रोग्रामऐवजी ही बॅच फाइल लावावी. त्यामुळे बदल फक्त या प्रोग्रामपुरता राहतो.

पूर्ण स्क्रीनवर अक्षरांच्या उभ्या रेघा काही रकान्यांत जाड, काही रकान्यांत पुसट दिसत असतील, तर त्याचे मूळ संगणकात नसून नव्या चपट्या मॉनिटरमध्ये आहे. ७२० बाय ४०० चा टेक्स्ट-मोड आणि ६४० बाय ४०० चा मोड या दोहोंत ओळींची वारंवारता सुमारे ३१.५ किलोहर्ट्झ आणि स्क्रीन पुन्हा रंगवण्याचा दर ७० हर्ट्झ असाच असतो. फरक केवळ ठिपक्यांच्या घड्याळात, म्हणजे २८.३ आणि २५.२ मेगाहर्ट्झचा असतो, आणि ते घड्याळ केबलमधून मॉनिटरपर्यंत पोहोचतच नाही. मॉनिटर अंदाज बांधतो आणि बऱ्याचदा तो ६४० चा बांधतो. मग प्रत्येक ओळीतल्या ७२० ठिपक्यांचे ६४० नमुने घेतले जातात आणि काही उभ्या रेघा त्यात गळतात. स्क्रीन चारही कडांपर्यंत मजकुराने भरलेली असताना मॉनिटरवरचे ऑटो बटण दाबावे. काही मॉनिटरच्या मेनूत ७२० बाय ४०० असा पर्यायही सापडतो. जुना काचेचा मॉनिटर असेल तर हा प्रश्न उद्भवतच नाही.

आता विंडोतील मजकुराकडे येऊ, कारण आपला रोजचा त्रास तेथे आहे. डॉस-विंडोच्या डाव्या वरच्या कोपऱ्यातील कंट्रोल मेनू उघडल्यावर त्यात फॉन्ट्स हा पर्याय दिसतो, विंडोज ३.१ मध्ये तो नव्याने आला. त्यात अक्षराच्या घराचे आकार ठिपक्यांत दिलेले असतात आणि निवड करताना फक्त गुणाकार करावा लागतो. ८ बाय १२ चा फॉन्ट घेतला तर ८० रकान्यांना ६४० ठिपके लागतात. ६४० ठिपक्यांच्या स्क्रीनवर विंडोच्या कडांना जागाच उरत नाही, म्हणून तेथे उजवीकडचे रकाने कापले जातात आणि खाली सरकपट्टी येते. त्या स्क्रीनवर ७ बाय १२ हाच व्यवहार्य आकार आहे. त्याला ५६० बाय ३०० ठिपके पुरतात. ८०० बाय ६०० वर ८ बाय १२ नीट बसतो. आपल्याला हवासा वाटणारा १० बाय १८ चा मोठा फॉन्ट मात्र ८० रकान्यांसाठी बरोबर ८०० ठिपके मागतो, म्हणजे कडांसकट तो पुन्हा स्क्रीनबाहेर जातो. तो सुखाने वापरायचा तर १०२४ बाय ७६८ ची स्क्रीन हवी. तेथे २५ ओळींची विंडो ८०० बाय ४५० ठिपक्यांत बसते आणि शेजारी दुसरी विंडो डोकावू शकते. ५० ओळींचे गणित याहून कठीण आहे. ८ बाय १२ ने त्यांना ६०० ठिपक्यांची उंची लागते, म्हणून ८०० बाय ६०० च्या स्क्रीनवर शीर्षकपट्टीसह त्या मावत नाहीत आणि ८ बाय ८ वर यावे लागते. स्क्रीन मोठी केली म्हणून अक्षर मोठे दिसत नाही, उलट तेच ठिपके लहान होतात. अक्षर मोठे करायचे तर स्क्रीन आणि विंडोचा फॉन्ट दोन्ही एकत्र वाढवावे लागतात.

फॉन्ट निवडताना त्याच डायलॉगमध्ये 'सेव्ह सेटिंग्ज ऑन एक्झिट' या चौकोनात खूण असावी. ती नसेल तर प्रोग्राम बंद होताच निवड विसरली जाते. खूण असल्यास निवड डॉसअॅप.आयएनआय या फाइलमध्ये त्या-त्या प्रोग्रामच्या नावापुढे साठवली जाते. म्हणून एकच प्रोग्राम दोन वेगळ्या मार्गांनी सुरू केला, एकदा पीआयएफवरून आणि एकदा फाइल मॅनेजरमधून थेट, तर दोन्ही वेळी फॉन्ट वेगळा दिसू शकतो. ही फाइल बिनधास्त पुसता येते. विंडोज ती पुन्हा तयार करते.

कंट्रोल मेनूत फॉन्ट्स हा पर्यायच नसेल, तर कार्डासोबत आलेला ग्रॅबर विंडोज ३.० च्या काळातला आहे असे समजावे. ग्रॅबर म्हणजे विंडोतल्या डॉस-प्रोग्रामची स्क्रीन-मेमरी वाचून ती रंगवण्यास मदत करणारी फाइल, सिस्टिम.आयएनआयच्या बूट विभागात '३८६ग्रॅबर' या शब्दापुढे तिचे नाव असते. अशा वेळी नॉनविंडोजअॅप विभागात फॉन्टचेंजइनेबल=१ लिहिल्यास पर्याय दिसू लागतो, पण कधी एखादे अक्षर गळते, कधी कर्सर जागेवरून थोडा सरकतो. शक्य असल्यास कार्डाचा ३.१ साठीचा ड्रायव्हर शोधणे बरे. (फाइलींची व सेटिंगची नावे मी येथे देवनागरीत लिहितो आहे, आपल्या फाइलमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत असतील.)

मेनूंची अक्षरे बारीक होण्याचे कारण वेगळे आहे. सिस्टिम.आयएनआयच्या बूट विभागात तीन ओळी असतात: फॉन्ट्स.फॉन, फिक्स्डफॉन.फॉन आणि ओईएमफॉन्ट्स.फॉन. त्यांच्यापुढे सहसा व्हीजीएसिस, व्हीजीएफिक्स आणि व्हीजीएओईएम या फाइलींची नावे असतात. हे फॉन्ट ९६ ठिपके प्रतिइंच या हिशेबाने काढलेले आहेत. त्यांच्या जागी ८५१४सिस, ८५१४फिक्स आणि ८५१४ओईएम या फाइली लावल्या की १२० च्या हिशेबाची मोठी अक्षरे येतात. आयबीएमच्या ८५१४ या कार्डावरून त्यांना हे नाव पडले. फाइली आपल्या डिस्कवर नसतील तर विंडोजच्या मूळ फ्लॉपींवर त्या दाबलेल्या स्वरूपात असतात आणि एक्स्पांड या आज्ञेने उलगडून सिस्टिम या फोल्डरात ठेवाव्या लागतात.

असे असले तरी ८०० बाय ६०० वर हा बदल करू नये असे माझे मत आहे. विंडोजमधील अनेक डायलॉगची लांबी-रुंदी सिस्टिम-फॉन्टच्या मापावरून ठरते. फॉन्ट मोठा केला की ते डायलॉगही फुगतात आणि काही प्रोग्रामांचे मोठे डायलॉग स्क्रीनबाहेर जाऊन त्यांची खालची ओके-कॅन्सलची बटणे दिसेनाशी होतात. १०२४ बाय ७६८ वर तेवढी जागा असते, तेथे ८५१४ चे फॉन्ट खुशाल लावावेत. ८०० बाय ६०० वर आपल्याला मुख्यतः प्रोग्राम मॅनेजरमधील चित्रांखालची नावे वाचवत नसतील, तर त्यांचा उपाय स्वतंत्र आहे. विन.आयएनआयच्या डेस्कटॉप विभागात आयकॉनटायटलसाइज=१० लिहावे; मूळ माप ८ असते. नावे मोठी होऊन एकमेकांवर चढली, तर त्याच विभागातील आयकॉनस्पेसिंग वाढवावे. एवढ्याने बहुतेकांचे काम भागते.

डिस्प्ले ड्रायव्हर बदलण्यासाठी मेन गटातील विंडोज सेटअपमध्ये जाऊन ऑप्शन्समधून चेंज सिस्टिम सेटिंग्ज निवडावे. चुकीचा ड्रायव्हर लागून विंडोज उघडलेच नाही, तर घाबरण्याचे कारण नाही. डॉसमधून विंडोजच्या फोल्डरात जाऊन सेटअप चालवावे आणि डिस्प्लेपुढे साधे व्हीजीए निवडावे. त्याआधी सिस्टिम.आयएनआय आणि विन.आयएनआय यांच्या प्रती वेगळ्या नावाने ठेवल्या असतील, तर इतर सेटिंगही परत आणता येतात.

स्क्रीन विस्कटण्याचा प्रश्न राहिला. आपण दुसऱ्या प्रोग्रामवर जाता तेव्हा विंडोजला कार्डाची सारी अवस्था, म्हणजे मोड, रजिस्टर (कार्डाची सेटिंग धरून ठेवणाऱ्या छोट्या जागा) आणि मेमरी, जपून ठेवावी लागते आणि परत येताना ती जशीच्या तशी बसवावी लागते. ईजीए कार्डाची बरीच रजिस्टर केवळ लिहिता येत, वाचता येत नसत, त्यामुळे त्यांत काय आहे हे नंतर कोणालाच कळत नसे. म्हणून डॉस शेलसारख्या सॉफ्टवेअरला ईजीए.सिस हा वेगळा ड्रायव्हर लागत असे, जो लिहिल्या जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवी. व्हीजीएमध्ये रजिस्टर वाचता येतात, तेव्हा आपल्या बाबतीत दोष बहुधा पीआयएफमधील सेटिंगचा असावा. पीआयएफ एडिटरमध्ये व्हिडिओ मेमरीसाठी टेक्स्ट, लो ग्राफिक्स आणि हाय ग्राफिक्स असे तीन पर्याय आहेत. त्यांच्यासाठी अनुक्रमे सुमारे १६, ३२ आणि १२८ किलोबाइट मेमरी राखली जाते. प्रोग्राम निव्वळ मजकुराचा असला तरी तो ५० ओळींचा फॉन्ट स्वतः चढवत असेल किंवा मध्येच एखादा आलेख काढत असेल, तर टेक्स्टऐवजी हाय ग्राफिक्स निवडावे आणि अॅडव्हान्स्ड या बटणामागील 'रिटेन व्हिडिओ मेमरी' या पर्यायावर खूण करावी. मेमरी चार मेगाबाइट असलेल्या संगणकावर १२८ किलोबाइटची ही किंमत मला जड वाटत नाही. त्याच पानावर 'एम्युलेट टेक्स्ट मोड' असते. त्यावर खूण असल्यास मजकूर लवकर उमटतो, पण कर्सर भलत्याच जागी दिसत असेल किंवा अक्षरांचा कचरा होत असेल, तर ती खूण काढावी. मॉनिटर पोर्ट्सच्या तीन चौकोनांना सर्वांत शेवटी हात लावावा.

एवढे करूनही विस्कटणे थांबले नाही, तर मेमरीतल्या पत्त्यांची टक्कर तपासावी. विंडोजमधून बाहेर पडून ते विन /डी:एक्स असे सुरू करावे. या खुणेने विंडोज मेमरीतील ए००० ते एफएफएफएफ (हे आकडे सोळाच्या पायावरचे आहेत) हा पूर्ण पट्टा स्वतःसाठी वापरणे सोडून देते. तक्रार त्यामुळे थांबली, तर कार्डाची मेमरी आणि विंडोजने घेतलेली मेमरी एकमेकींवर आल्या होत्या हे सिद्ध होते. सुपर व्हीजीए कार्डे पुष्कळदा बी००० ते बी७एफएफ हा पट्टा वापरतात आणि काही जण डॉसला थोडी जास्त मेमरी मिळावी म्हणून कॉन्फिग.सिस मधील ईएमएम३८६ या मेमरी सांभाळणाऱ्या ड्रायव्हरच्या ओळीत तोच पट्टा आय= लिहून मोकळा जाहीर करतात. ती नोंद काढावी आणि सिस्टिम.आयएनआयच्या ३८६ईएनएच विभागात ईएमएमएक्स्क्लूड=बी०००-बी७एफएफ अशी ओळ घालावी. कार्डाचा रॉम सी००० ते सी७एफएफ या पट्ट्यात असतो. आवश्यक वाटल्यास त्याचीही अशीच दुसरी ओळ द्यावी. विन /डी:एक्स कायमचे वापरू नये, कारण त्याने मेमरीचा मोठा भाग वाया जातो.

डेस्कव्ह्यूबद्दल थोडक्यात सांगतो. क्वार्टरडेकचे हे सॉफ्टवेअर १९८५ मध्ये आले आणि मजकुराचे अनेक डॉस-प्रोग्राम एकाच वेळी चालवण्यात ते विंडोजपेक्षा हलके होते. त्याच्या विंडो टेक्स्ट-मोडमध्येच काढल्या जातात, त्यामुळे सर्व विंडोंना कार्डाचा एकच फॉन्ट आणि घराचे एकच माप मिळते. एका विंडोत मोठे अक्षर आणि दुसरीत लहान, हे तेथे शक्य नाही. त्याच्या चेंज अ प्रोग्रामच्या पानावर 'राइट्स टेक्स्ट डायरेक्टली टू स्क्रीन' आणि 'व्हर्च्युअलाइज टेक्स्ट/ग्राफिक्स' हे दोन प्रश्न असतात. स्क्रीन-मेमरीत थेट लिहिणारा प्रोग्राम इतर विंडोंवर सांडू नये यासाठी ३८६ किंवा पुढच्या संगणकावर दुसऱ्याचे उत्तर होकारार्थी ठेवतात. आपल्याला अक्षरे मोठी हवी असल्यामुळे डेस्कव्ह्यूकडे जाण्याने काही हाती लागणार नाही.

शेवटी सभासदांच्या नावांबद्दल. ती नावे बिघडलेली नाहीत. त्या काळात मराठी नोंदी ठेवण्यासाठी जिस्ट कार्ड वापरले जाई. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले हे तंत्र पुढे पुण्याच्या सी-डॅकने वाढवले. संगणकात बसवलेले हे कार्ड डीबेस (नोंदी ठेवणारा) किंवा लोटस (आकडेमोडीचे तक्ते करणारा) यांसारख्या, देवनागरीची काहीही माहिती नसलेल्या डॉस-प्रोग्रामचा मजकूर स्क्रीनवर देवनागरीत दाखवत असे. फाइलमध्ये मजकूर इस्की या संकेतात साठवला जाई आणि १९९१ मध्ये तो आयएस १३१९४ या भारतीय मानकाच्या रूपात ठरला. जिस्ट कार्ड नसलेल्या संगणकावर किंवा विंडोजच्या विंडोत तेच बाइट इंग्रजी कार्डाच्या तक्त्यातून वाचले जातात, आणि त्या तक्त्यात नेमक्या त्याच जागी चौकटी काढण्याच्या रेघा आहेत. उदाहरणार्थ, 'राम' हा शब्द इस्कीत सीएफ, डीए, सीसी असे तीन बाइट होतो. स्क्रीनवर त्याचे रूप असे दिसते: दुहेरी आडव्या रेघेवर उभी असलेली एक काडी, मग चौकटीचा डावा वरचा कोपरा, मग दुहेरी उभ्या रेघेतून उजवीकडे फुटलेली दुहेरी शाखा. आपल्या फाइलमध्ये रामचंद्र किंवा रामदास नावाच्या सभासदाच्या जागी हीच तीन चिन्हे सुरुवातीला दिसली, तर नोंदी इस्कीत आहेत याबद्दल शंका उरत नाही.

कार्डात देवनागरी फॉन्ट चढवून हे दुरुस्त करता येईल का, असा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. करता येते, पण नीट होत नाही. कार्डाला एका वेळी २५६ चिन्हे मिळतात. दोन तक्ते एकत्र वापरून ५१२ करता येतात, मात्र त्या बदल्यात अक्षरांचे रंग १६ वरून ८ वर येतात. खरी अडचण शिरोरेघेची आहे. ९ ठिपक्यांच्या घरातला नववा ठिपका कार्ड स्वतः भरते. सी० ते डीएफ या संकेतांसाठी ते आठव्या ठिपक्याची नक्कल करते, कारण चौकटीच्या आडव्या रेघा तेथे आहेत आणि त्या सलग दिसायला हव्यात. इतर संकेतांसाठी ते नववा ठिपका कोरा ठेवते. त्यामुळे इस्कीच्या जागांवर अक्षरे बसवली तर त, थ, द यांची शिरोरेघ पुढच्या अक्षराला भिडते आणि क, ख, ग यांच्यापुढे ती तुटते. घर ८ ठिपक्यांचे केले तर हा दोष जातो, पण जोडाक्षरे व वेलांट्या-उकार एकाच घरात बसवण्याचा प्रश्न तसाच राहतो, आणि विंडोत तर हा फॉन्ट दिसणारच नाही, कारण तेथे रंगवणारे विंडोज आहे. बाजारातले मराठी ट्रूटाइप फॉन्टही डॉस-विंडोत लावता येत नाहीत, विंडोज ३.१ मध्ये तिला फक्त ठरीव ठिपक्यांचे फॉन्ट चालतात.

म्हणून नावांसाठी स्क्रीनची सेटिंग बदलत बसण्यापेक्षा डीबीएफ फाइलीची (क्लिपर-प्रोग्राम जिच्यात नोंदी ठेवतो तिची) प्रत घेऊन ती युनिकोडमध्ये रूपांतरित करावी. युनिकोडमधील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवरून घेतलेली असल्यामुळे बहुतेक अक्षरे एकास एक बदलतात. तीन ठिकाणी लक्ष द्यावे लागते. हलन्ताचा बाइट ई८ लागोपाठ दोनदा आला, तर तो पाय मोडलेला दिसावा असा हलन्त असतो आणि युनिकोडमध्ये हलन्तापुढे शून्य रुंदीचा न जोडणारा संकेत घालावा लागतो. ई८ नंतर ई९ आला, तर अर्धे अक्षर दाखवायचे असते आणि तेथे जोडणारा संकेत लागतो. डी९ हा अदृश्य व्यंजनाचा बाइट आहे, त्याला सरळ जोडी नाही. त्याखेरीज प्रत्येक रकान्याची रुंदी वाढवून ठेवावी, कारण इस्कीत एका बाइटाचे अक्षर यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत, तीन बाइटांचे होते आणि ३० बाइटांचा रकाना पूर्ण भरणारे नाव जुन्याच रुंदीत टाकले तर त्याची शेवटची दोन-तृतीयांश अक्षरे कापली जातील. रूपांतर करणारा प्रोग्राम फाइलच्या सुरुवातीचा भाग, म्हणजे रकान्यांची नावे व मापे असलेले शीर्षक, जसाच्या तसा सोडतो ना, आणि केवळ मजकुराच्या रकान्यांनाच हात लावतो ना, हे दोन-चार नोंदींवर आधी पाहून घ्यावे. खाते क्रमांक आणि रकमा साध्या अंकांत असतात, त्यांना बदलण्याची गरज नाही.